बी एकाच कणगीत कसं ठेवलं आपण?

हा लेख रागाने लिहिते आहे, हे आधीच सांगते. राग थोडा इतरांवर आहे आणि पुष्कळसा स्वतःवर आहे. विषय वरवर पाहिला तर अगदी किरकोळ वाटेल. आमच्या कार्यालयातल्या लॅपटॉपची हार्ड डिस्क खराब झाली. "त्यात काय लिहायचं? यंत्र आहे, बिघडणारच," असं मला तीन-चार जणींनी सांगून झालं आहे. त्या तीन-चार जणींसाठीच मुख्यतः लिहिते आहे.

भंडाऱ्यातलं आमचं कार्यालय म्हणजे एका जुन्या घराची पुढची खोली. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, सतरंजी, पाण्याचा माठ आणि हा लॅपटॉप. मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, पवनी, लाखांदूर, सगळीकडून बाया एसटीने येतात. बिड्या वळणाऱ्या येतात, रोवण्याला जाणाऱ्या येतात, शिक्षिकाही येतात. मारहाण, पोटगी, जमिनीतला वाटा, दुसरं लग्न, बाईला चेटकीण ठरवणं. प्रत्येकीचं म्हणणं आम्ही ऐकतो आणि लिहून घेतो. पूर्वी वह्यांत लिहायचो. मग एका निधी देणाऱ्या संस्थेने लॅपटॉप दिला आणि सांगितलं की आता अहवाल ई-मेलने पाठवा. वह्या बंद झाल्या. अकरा वर्षांच्या नोंदी, जखमांचे फोटो, कोर्टाच्या कागदांच्या प्रती, बायांनी दिलेली ध्वनिमुद्रणं, सगळं त्या एका यंत्रात जमा होत गेलं. आम्हाला वाटायचं, आपण किती नीटनेटक्या झालो!

गेल्या उन्हाळ्यात, ऐन मे महिन्यात, तो लॅपटॉप फार हळू चालायला लागला. एक फाइल उघडायला पाच-पाच मिनिटं. मग आतून टक्, टक्, टक् असा आवाज यायला लागला. मधेच सगळं गोठायचं. आम्ही काय केलं? बंद केला, चालू केला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. दिवसातून दहा वेळा. एकीने पंख्यासमोर ठेवला. एकीने हळूच थोपटला. मग नेहमीप्रमाणे फोन लावला तो "कॉम्प्युटरचं बघणाऱ्या" मुलाला. तो म्हणाला, "ताई, मी नागपूरला आहे, दुकानात टाका."

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हे एका दुकानापुरतं नाही. काउंटरवरच्या माणसाने लॅपटॉप उघडून पाहिला आणि म्हणाला, "विंडोज उडालं असेल. ठेवून जा, रात्रभर डिस्क चेकिंगला लावतो." मी पावती मागितली. तो हसला. आम्ही ठेवून आलो. मी स्वतः ठेवून आले, हे लपवत नाही. ज्या संस्थेत आम्ही बाईला पहिल्या भेटीत सांगतो की तुझं नाव या चार भिंतींबाहेर जाणार नाही, त्या संस्थेचं सगळं पोट मी एका अनोळखी पुरुषाच्या काउंटरवर, पावतीशिवाय, उघडं टाकून आले. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, याच्यात तं लय मारहाणीचे फोटो हायेत. काय भानगड हाये?"

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. त्याने ते फोटो पाहिले होते. कशासाठी पाहिले, तर "फाइली उघडतात का ते चेक करायला". डिस्क मात्र बरी झाली नव्हती. आदल्या दिवशी अडखळत का होईना, पण चालत होती. आता ती ओळखूच येत नव्हती.

पुढे जे कळलं ते आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे नीट लिहिते. लॅपटॉपच्या जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला 5400 वेळा फिरतात, म्हणजे सेकंदाला 90 वेळा. तबकडीच्या वर वाचणारं एक टोक तरंगत असतं आणि दोघांमधलं अंतर केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी असतं. यंत्र चालू असताना धक्का बसला, वीज अचानक गेली, आतला भाग फार तापला, तर ते टोक किंवा तबकडीचा पृष्ठभाग दुखावतो. आमच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली होती. तो थेट विजेवर चालायचा आणि वीज गेली की धाडकन बंद पडायचा. विदर्भातला पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा, पत्र्याखालची खोली, आणि चालू लॅपटॉप पिशवीत घालून स्कूटरवरून बैठकीला नेणारी मी. डिस्क आजारी पडली ती एका दिवसात नाही. आम्ही वर्षानुवर्षं तिला पाडत आलो होतो.

टक् टक् असा आवाज म्हणजे ते टोक आपली जागा शोधतं आहे आणि त्याला ती सापडत नाही. असा आवाज आला की करायची गोष्ट एकच: यंत्र बंद करायचं आणि परत चालू करायचं नाही. प्रत्येक वेळी चालू केल्यावर दुखावलेलं टोक पुन्हा तबकडीवरून फिरतं आणि आणखी जागा खरवडू शकतं. दुकानदाराने रात्रभर लावलेलं ते "चेकिंग" दुखण्यावरचा उपाय नव्हतंच. ते कार्यक्रम डिस्कवरच्या फाइलींची यादी जुळवण्यासाठी असतात. यादीशी न जुळणारे तुकडे ते तोडून एका वेगळ्या फोल्डरात टाकतात, आणि डिस्क मरायला टेकलेली असेल तर तिला रात्रभर पळवतात. आधी प्रत काढायची, दुरुस्तीचं मग बघायचं, हा पहिला नियम. तो दुकानदाराला माहीत नव्हता किंवा त्याला त्याची गरज वाटली नाही. आणि आम्हाला माहीत नव्हता, कारण आम्ही विचारलंच नव्हतं.

शेवटी एका मैत्रिणीच्या ओळखीने नागपूरची एक संगणक शिकवणारी बाई भेटली. तिने दोन स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतली आणि दुसऱ्या संगणकाला जोडली. त्या संगणकावर डीडीरेस्क्यू नावाचा एक मोफत कार्यक्रम होता. तो आधी डिस्कचा धडधाकट भाग उचलून नव्या डिस्कवर उतरवतो, खराब जागी अडून बसत नाही, पुढे जातो, आणि शेवटी राहिलेल्या जागांवर परत येऊन जमेल तेवढं वेचतो. तीन दिवस तो चालला. मूळ डिस्कवर तिने एक अक्षरही लिहिलं नाही. सगळी शोधाशोध उतरवून घेतलेल्या प्रतीवर केली. आणि आमच्यासमोर बसून केली. फोटोंचं फोल्डर आलं तेव्हा म्हणाली, "मी हे उघडत नाही. तुम्ही बघा आणि मला फक्त सांगा, दिसतंय की नाही." कसब एवढंच होतं आणि सभ्यताही एवढीच होती.

बरंच काही परत मिळालं. सगळं नाही.

जे मिळालं नाही त्यातलं एक सांगते. बाईचं नाव-गाव सांगत नाही. नवरा तिला रात्री काय काय म्हणायचा, कशी जाळायची धमकी द्यायचा, ते तिने मोबाईल उशीखाली ठेवून मुद्रित केलं होतं. आमच्याकडे आली, आम्ही वायर लावून ते लॅपटॉपवर घेतलं, आणि मी तिला म्हटलं, "आता हे सुरक्षित आहे." हे माझे शब्द. पुढे नवऱ्याला संशय आला आणि त्याने मोबाईल दगडाने ठेचला. कोर्टातली तारीख जवळ आली तशी ती आली. मी डिस्कचं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मोबाईल तं त्यानं फोडला ताई. पर मी तं तुमच्यापाशी ठेवलं होतं ना?"

त्या मुद्रणाचा सुरुवातीचा तुकडा परत आला आहे. चाळीस सेकंद. भांड्यांचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं, दार लागल्याचा आवाज. पुढे खरखर आणि शांतता. धमकी त्याच्या पुढे होती.

आता सांगा, "यंत्र आहे, बिघडणारच," हे वाक्य मी तिला कसं म्हणू? नवऱ्याने दगडाने केलं ते आम्ही आळसाने केलं. हेतू वेगळा होता हे खरं. पण तिच्या हाती उरलं ते तेवढंच.

आपल्या चळवळीत या विषयावर चार वाक्यं हमखास ऐकू येतात. ती एकेक करून घेते.

पहिलं वाक्य: "कॉम्प्युटरचं काम मुलं बघतात." कोण ही मुलं? कुणाचा भाचा, कुणाचा शेजारी, कधी काळी मानधनावर असलेला कुणी. लॅपटॉपचा पासवर्ड त्याने ठेवला, ई-मेलचं खातं त्याच्या मोबाईल क्रमांकावर उघडलं. नव्या लॅपटॉपांत विंडोज बऱ्याचदा आपणहून डिस्कला कुलूप घालते आणि त्या कुलपाची 48 अंकी किल्ली लॅपटॉप सुरू करताना वापरलेल्या खात्यात जाऊन बसते. ते खातं त्या मुलाचं असेल तर किल्लीही त्याचीच. उद्या तो दुबईला गेला, भांडून गेला किंवा नुसता फोन उचलेनासा झाला तर तुमच्या संस्थेच्या स्मृतीला बाहेरून कुलूप. घराचा सातबारा नवऱ्याच्या नावावर का, असं आपण गावोगाव विचारतो. संस्थेच्या संगणकाचा सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे मात्र आपण कधी तपासत नाही. "मले त्यातलं काय समजते?" असं गावातली बाई बँकेच्या पासबुकाबद्दल म्हणाली की आपण तिला रागावतो. मग आपण तेच संगणकाबद्दल हसत हसत का म्हणतो?

दुसरं वाक्य: "आता सगळं क्लाउडवर असतं." मैत्रिणींनो, क्लाउड म्हणजे आभाळ नव्हे. ती दुसऱ्या कुणाच्या इमारतीतली डिस्क आहे. तिथे ठेवायला माझी हरकत नाही, एक प्रत तिथे जरूर ठेवावी. पण आपल्याकडे बहुतेक जणींनी जे लावलेलं असतं ते जुळवून ठेवणारं यंत्र असतं. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते. पुसलेली फाइल काही दिवस कचऱ्याच्या डब्यात असते, मग जाते. फुकटची जागा संपली की नवं काही वर चढतच नाही आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि कुलूप न लावता वर टाकलेल्या जखमांच्या फोटोचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

तिसरं वाक्य जास्त गंभीर आहे आणि ते आमच्याच एका ज्येष्ठ कार्यकर्तीने मांडलं. ती म्हणाली, "जितक्या प्रती जास्त तितका धोका जास्त. नवरा येतो, पुढारी येतो, पोलीस येतात. काही नसलेलंच बरं." या बोलण्यात अनुभव आहे, मी ते झटकून टाकत नाही. नोंद हरवणं आणि नोंद भलत्याच्या हाती पडणं, हे दोन्ही बाईवरचे घाव आहेत. पण एका घावाला घाबरून दुसरा ओढवून घेणं हा मार्ग नाही. डिस्कला कुलूप घालण्याचे मोफत कार्यक्रम आहेत. त्याचा परवलीचा शब्द कागदावर लिहून, पाकीट चिकटवून, दोघींच्या घरी ठेवता येतो. मग डिस्क चोरीला गेली तरी चोराला रिकामं लोखंडच मिळतं. आणि हे लक्षात ठेवा की नुसतं पुसलं किंवा घाईने फॉर्मॅट केलं म्हणजे जुन्या हार्ड डिस्कवरचं जात नाही. ते परत काढता येतं. म्हणून निकामी लॅपटॉप कबाडीला विकताना डिस्क काढून घ्या. वॉरंटीत कंपनी नवी डिस्क देते, आतला मजकूर देत नाही, आणि जुनी डिस्क सहसा स्वतःकडे ठेवून घेते. फुकटात मिळणाऱ्या डिस्कच्या बदल्यात तुम्ही कुणाच्या जखमा देता आहात, याचा विचार करूनच सही करा.

चौथं वाक्य: "पैसे कुठे आहेत?" खरंच नसतात. पण इथे मला निधी देणाऱ्यांशी भांडायचं आहे. ते लॅपटॉप देतात, त्यावर स्वतःच्या नावाची चिकटपट्टी लावतात, तीन महिन्यांनी तक्ते मागतात. बाहेरची डिस्क, चांगली बॅटरी, कुणा जाणकार बाईकडून दोन दिवसांचं प्रशिक्षण, यासाठी अंदाजपत्रकात ओळ नसते. आम्ही मागितली तर म्हणतात, हा प्रशासकीय खर्च आहे. बाईची साक्ष जपणं हा प्रशासकीय खर्च? मग मुख्य काम कोणतं?

आणि आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. नोंद का जपायची? अहवालासाठी नव्हे. बाईचं म्हणणं पुढे टिकलं की तिला न्याय मागता येतो, आणि नोंद नाहीशी झाली की घडलेलंही घडलं नव्हतं असं म्हणायला जग मोकळं होतं.

आपल्याच विदर्भातलं बघा. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' छापलं. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं ते पुस्तक कुणाच्या बोलण्यात नव्हतं. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं, ते कुठेतरी एक प्रत उरली होती म्हणून. एकुलती प्रतही वाळवीने खाल्ली असती तर? आज आपण ज्यांना आपली पूर्वज म्हणतो त्या ताराबाई आपल्याला माहीतच नसत्या.

आमच्या वैनगंगेच्याच काठाने खाली गेलं की देसाईगंज लागतं. 26 मार्च 1972 ला तिथल्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडून दिलं. 1979 साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि 1983 साली कायदा बदलला. हे पत्र कशाच्या आधारे लिहिलं गेलं? निकालपत्रात लिहिलेल्या शब्दांच्या आधारे. मथुरेला न्याय मिळाला नाही. पण तिची गोष्ट कागदावर होती, म्हणून ती वाचता आली, तिच्यावर भांडता आलं.

आणि आमच्या जिल्ह्याला जी जखम कधी विसरता येणार नाही, ती मोहाडी तालुक्यातली खैरलांजी. 29 सप्टेंबर 2006 ला सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियांका आणि दोन मुलं, रोशन आणि सुधीर, यांना मारून टाकलं गेलं. पहिल्या शवविच्छेदनात जे तपासायला हवं होतं ते नीट तपासलं गेलं नाही. नंतर पुरलेले देह उकरून पुन्हा तपासणी करावी लागली. 2008 साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, पण बलात्कार आणि ॲट्रॉसिटीचा कायदा दोन्ही त्या निकालात टिकले नाहीत. ज्या पुराव्याची वेळेवर नोंद झाली नाही तो पुरावा पुढे कितीही आक्रोश केला तरी परत येत नाही, हे भंडारा जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांना कुणी वेगळं शिकवायला नको. तरीही आम्ही शिकलो नाही.

हे सगळं कागदाचं झालं. आता कायदा यंत्राबद्दल काय म्हणतो तेही पाहा. 2014 च्या जालना विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात खटला झाला. चित्रफितींचा पुरावा होता, सोबत प्रमाणपत्र नव्हतं. जुलै 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की यंत्रातून काढलेल्या प्रतीसोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र लागेलच. मूळ यंत्रच कोर्टात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही. 1 जुलै 2024 पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे. त्याच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र दोन भागांत असतं. एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलीचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे त्या फाइलीचा अंगठ्याचा ठसा समजा. फाइलीतलं एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात न्यायाधीशांना कार्यपद्धती ठरवण्याची मोकळीक आहे, कौटुंबिक न्यायालयातही पुराव्याचे नियम सैल आहेत. तरी समोरच्या वकिलाने "हे मुद्रण खरं कशावरून?" असं विचारलं की आपल्याकडे उत्तर असलं पाहिजे.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटाच्या एका खटल्यात म्हटलं की नवरा-बायकोमधलं गुपचूप केलेलं ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून घेता येईल. आपल्याला आनंद व्हावा असा हा निकाल, पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या खटल्यात मुद्रण नवऱ्याने केलेलं होतं, बायकोचं. पुरुष मुद्रण करतात, जपून ठेवतात आणि कोर्टात वाजवतात. आपल्या बाया जिवावर उदार होऊन मुद्रण करतात आणि आपण ते हरवून बसतो.

यावर उपाय काही अवघड नाही, आणि तो आम्हाला एका म्हाताऱ्या मावशीने सांगितला. डिस्कचं रडगाणं बैठकीत चाललं होतं. लाखांदूरकडची ही मावशी ऐकत होती. मग म्हणाली, "तुमी धानाचं बी एकाच कणगीत ठेवता का वो? घरी थोडं, माहेरी थोडं, शेजारणीपाशी थोडं. एकीच्या घरी उंदीर लागले, तं दुसरीच्या घरून आणता येते. आन् बी दरसाली पेरून बगा लागते. नाई तं उगवन मरते." आम्ही सगळ्या गप्प झालो. पऱ्हे टाकणाऱ्या प्रत्येक बाईला जे ठाऊक आहे, ते आम्ही शिकल्या-सवरल्या विसरलो होतो. संगणकवाले हेच सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, एक प्रत दुसऱ्या घरी. मावशीने ते बियाण्यावरून सांगितलं, एवढाच फरक.

आता आम्ही काय करतो ते लिहिते, तुम्हाला हवं तसं बदलून घ्या. लॅपटॉपवर एक प्रत, कुलूप घातलेल्या बाहेरच्या डिस्कवर दुसरी, तशाच आणखी एका डिस्कवर तिसरी. ही तिसरी डिस्क दुसऱ्या गावातल्या सहकारी बाईच्या घरी असते. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोघी मिळून प्रत काढतात आणि वहीत सही करतात. दर तीन महिन्यांनी चार-पाच जुन्या फाइली उघडून बघतो. मावशीच्या भाषेत पेरून बघतो. पेनड्राइव्हवर एकुलती प्रत ठेवत नाही. नव्या लॅपटॉपात चिपची डिस्क आहे, ती आवाज न करता एकाएकी जाऊ शकते, शिवाय तिच्यावरून पुसलेलं परत मिळण्याची आशा फार कमी असते, म्हणून तिच्यावरही भिस्त ठेवत नाही. बाईने मुद्रण आणलं की त्याच दिवशी तारीख, वेळ, कुठल्या मोबाईलवरून घेतलं आणि हॅश हे सगळं तिच्या फाइलीत लिहितो. तो मोबाईल विकू नकोस, बदलू नकोस, शक्य असेल तर माहेरी ठेव, असं तिला सांगतो. तिला मान्य असेल तर एक प्रत तिच्या वकिलाकडे त्याच दिवशी देतो.

आणि वही परत सुरू केली आहे. प्रत्येक केसचं एक पान, शाईच्या पेनाने: नाव, तारीख, काय घडलं, कोणते कागद, पुढची तारीख. वहीला वीज लागत नाही. आमच्याकडे 1999 पूर्वीच्या, म्हणजे गोंदिया वेगळा जिल्हा व्हायच्या आधीच्या वह्या आहेत, त्या आजही वाचता येतात. त्यानंतरच्या काही वर्षांच्या फ्लॉप्या आहेत, त्या घालायला यंत्र नाही. आणि त्यानंतरच्या काही फाइली जुन्या फॉन्टमध्ये आहेत, त्या उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. नवं ते टिकाऊ, ही आपली समजूत या तीन कपाटांनी खोटी पाडली आहे. तुमच्याकडे अशा फाइली असतील तर त्या वाचणारं कुणी आहे तोवर युनिकोडमध्ये आणून घ्या.

खर्च? दोन बाहेरच्या डिस्का आणि एक बॅटरी. वर्गणी काढून केला. एका मोर्च्याच्या गाड्यांना त्याहून जास्त भाडं लागतं.

पण मला फक्त घरगुती उपायांवर थांबायचं नाही. संरक्षण अधिकाऱ्यांची कार्यालयं, समुपदेशन केंद्रं, सगळीकडे बायांच्या तक्रारी आज संगणकात जातात. तिथल्या यंत्राची प्रत कोण काढतं, दुरुस्तीला जाताना डिस्क कुणाच्या हाती पडते, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. पुढच्या वेळी निवेदन घेऊन जाल तेव्हा त्यात हे एक कलम घाला. निधी देणाऱ्यांना सांगा की नोंद जपण्याची तरतूद नसेल तर तुमचे तक्ते आम्ही भरणार नाही. आणि प्रत्येक गटात निदान दोन बायांनी, दोन पुरुषांनी नव्हे, ही डिस्क बाहेर काढायला, जोडायला आणि प्रत करायला शिकावं. दोन स्क्रू असतात हो. शिवणयंत्राची दोरी ओवणाऱ्या हातांना त्याचं भय वाटायला नको.

त्या बाईचा खटला चालू आहे. मुद्रण नाही. शेजारणीची साक्ष आहे, दवाखान्याचा कागद आहे, आणि तिने पहिल्या दिवशी जे सांगितलं ते मी टिपून घेतलेला एक कागद लोखंडी कपाटात सापडला, तो आहे. जुन्या सवयीने लिहिला होता, लॅपटॉप उघडायला वेळ लागत होता म्हणून. त्या वेळी तो चुरगळून फेकणार होते.

मागच्या महिन्यात ती आली तेव्हा तिच्या हातात नवा मोबाईल होता, भावाने दिलेला. म्हणाली, "ताई, याच्यात काई ठेवलं तं तुमी किती जागी ठेवान?" मी म्हटलं, तीन जागी. तिने वही मागितली, आणि तिसरी जागा कुठली, ते स्वतःच्या अक्षरात लिहून घेतलं.

मैत्रिणींनो, हा अंक खाली ठेवाल तेव्हा उठा आणि तुमच्या कार्यालयातल्या यंत्राजवळ जा. त्यातलं सगळं आज रात्री गेलं तर उद्या सकाळी तुमच्याकडे कुणाकुणाचं काय उरेल, याची यादी करा. यादी झाली की आम्हाला लिहा. आमच्या चुका तुम्हाला सांगितल्या, तुमच्या आम्हाला कळवा.